नोंद न झालेले रेडकू

आमच्या घरच्या जमाखर्चाची वही गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. पी.यू.सी.ला कॉमर्स घेतले त्या दिवशी आबांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "शिकतोयस तर उपयोग दाखव की आता." डेअरीला दूध किती गेले, पेंडेचे पोते कितीला आले, कडब्याचे किती दिले, सगळे त्या वहीत असते. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातले एक पान मात्र कोरे आहे. त्या पानाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

त्या रात्री आमची थोरली म्हैस अडली. पाय बाहेर आले, पण डोके येईना. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी हात घालून पाहिले आणि म्हणाले, "डोक्यात पाणी झालंय. रेडकू काही राहणार नाही, म्हशीला वाचवू." त्यांनी कवटीला छेद देऊन पाणी काढले, तेव्हा कुठे ते बाहेर आले. मेलेलेच होते. अंगाने बारीक आणि डोके कळशीएवढे. मी कंदील धरून उभा होतो, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

उजाडायच्या आत आबांनी आणि काकांनी ते बांधावर पुरले. "कुणाला बोलू नकोस बघ," एवढेच आबा मला म्हणाले. माझ्या काकूला तेव्हा चौथा महिना होता. आज्जीने सकाळी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, पहिल्या एस.टी.ने माहेरी पाठविले. गोठ्यातली सावली पोटावर पडू नये म्हणून. आठ दिवसांनी म्हैसही बाजारात गेली आणि निम्म्याहून कमी पैशांत विकली गेली. विक्रीची रक्कम मी जमेला लिहिली. का विकली ते लिहायला आबांनी मना केले. म्हणून ते पान कोरे.

गोष्ट इथेच संपली असती. पण गेल्या वर्षी डेअरीच्या रांगेत उभा असताना दोघांचे बोलणे कानावर पडले आणि कळले, की त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या आणखी दोन घरी तसलेच रेडकू झाले होते. एक घर मराठी, एक कन्नड. त्यांनीही रातोरात पुरले होते आणि कोणाला सांगितले नव्हते. मी दोन्हीकडे जाऊन आलो. म्हैस केव्हा भरली होती? कोणता रेडा होता? गाभण असताना खायला काय होते? एकीकडे आज्जी म्हणाल्या, "जाऊ दे की रे, कशाला ते आता?" दुसरीकडे अज्जी म्हणाल्या, "होगली बिडप्पा." दोन्हीचा अर्थ एकच. आमच्या भागात मराठी आणि कन्नड यांचे कशाकशावरून जमत नाही हे वाचकांना सांगायला नको, पण 'अपशकुन' हा शब्द दोघांनी सारखाच सांभाळून ठेवला आहे.

तीन घरांत तीन घटना म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण प्रश्न विचारायला त्या पुरेशा होत्या. आज तो प्रश्न विचारता येत नाही, कारण उत्तराला लागणारी माहिती तिन्ही घरांनी बांधावर पुरली. माझे म्हणणे या लेखात एवढेच आहे: असे वासरू, रेडकू किंवा कोकरू जन्मले तर ती लपविण्याची गोष्ट नाही आणि पुजण्याचीही नाही. ती लिहून ठेवण्याची गोष्ट आहे.

हिशेबाच्या पुस्तकात आम्हाला चुकांचे प्रकार शिकवितात. त्यांतली एक विसरचूक. व्यवहार झाला, पण रोजकीर्दीत लिहिलाच नाही. दुसरी तत्त्वाची चूक. व्यवहार लिहिला, पण भलत्याच खात्यावर. या दोन्ही चुकांचे वैशिष्ट्य असे, की तेरीज तरीही जुळते. वरवर पाहणाऱ्याला सगळे बरोबर वाटते आणि हिशेब मात्र खोटा असतो. सदोष वासरांच्या बाबतीत माणसाने या दोन्ही चुका हजारो वर्षे केल्या आहेत.

तत्त्वाची चूक जुनी आहे. बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या फलकांवर 'शुम्मा इझ्बू' नावाची मोठी शकुनमाला लिहिली होती. तिचे २४ फलक. माणसांच्या आणि मेंढ्यांसारख्या जनावरांच्या पोटी विचित्र पिल्लू जन्मले तर त्याचा अर्थ काय, हे त्यांत एकेक करून दिले आहे. डोके कसे, डोळे किती, कान कोठे, सगळे बारकाईने. ज्या लोकांनी इतके निरखून लिहिले त्यांच्या कष्टांचे मला कौतुकच वाटते. पण प्रत्येक नोंद त्यांनी राजाच्या भविष्याच्या, शत्रूच्या स्वारीच्या, देशाच्या सुबत्तेच्या खात्यावर टाकली. मेंढी काय खात होती, ते खाते उघडलेच नाही.

आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. दोन तोंडांचे वासरू जन्मले की आजही बातमी येते आणि दर्शनाला गर्दी लोटते. हळदकुंकू वाहतात, पैसे ठेवतात. लहानपणी एका जत्रेत तंबूतले पेंढा भरलेले दोन तोंडांचे वासरू मी तिकीट काढून पाहिले आहे. अशा वासरांत एकाच गर्भाचा पुढचा भाग वाढीच्या अगदी आरंभी अर्धवट दुभंगलेला असतो. बहुतेक वासरे काही तासांत किंवा दिवसांत मरतात, कारण त्यांना नीट पिता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. ज्या जिवाची धडपड चाललेली असते, त्याच्यापुढे आपण नारळ फोडतो. एका घरी तेच डोके देव होते आणि दुसऱ्या घरी तेच डोके अवदसा. दोन्ही घरी कारण कोणी विचारीत नाही.

आता जिथे कारण विचारले गेले आणि नोंद झाली, तिथे काय झाले ते पाहू. चार उदाहरणे देतो. चारही परदेशातली आहेत, कारण त्यांची कागदपत्रे नीट राहिली.

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासचे. १९३३ साली फ्रेड हेल या पशुशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्याकडच्या एका डुकरिणीला एका वेतात ११ पिल्ले झाली आणि त्यांतल्या एकालाही डोळ्यांची बुबुळे नव्हती. खोबण्या रिकाम्या. रक्तातला दोष म्हणून सोडून देता आले असते. पण तिला विण्यापूर्वी काय खायला घातले होते याची नोंद हेलकडे होती, आणि त्या खाण्यात अ जीवनसत्त्व नव्हते. पुढे त्याच आंधळ्या पिल्लांना पुरेसे अ जीवनसत्त्व देऊन वाढविले, तेव्हा त्यांची संतती डोळस निघाली. म्हणजे दोष रक्तात नव्हता, गव्हाणीत होता. जनावराला हे जीवनसत्त्व मुख्यत्वे हिरव्या चाऱ्यातून मिळते. आपल्याकडे उन्हाळ्याचे चार महिने जनावर नुसत्या कडब्यावर काढते, हे या ठिकाणी आठवावे.

दुसरे उदाहरण आयडाहो राज्यातले. तिथल्या डोंगराळ कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांना कपाळावर मधोमध एकच डोळा असलेली कोकरे होत. मेंढपाळ त्यांना 'माकडतोंडी' म्हणत. अशा कोकरांत मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागलेलाच नसतो. शिवाय वेण लांबते, गर्भ पोटात वाढत राहतो आणि मेंढीचाही जीव जातो. लोकांना प्रथम वाटले, हे आनुवंशिक असावे. १९५० नंतरच्या दशकात मेंढपाळांनी सरकारी संशोधकांकडे धाव घेतली. वेन बिन्स, लिन जेम्स, रिचर्ड कीलर यांनी पैदाशीचे प्रयोग केले, आनुवंशिकतेची शंका दूर केली आणि मग कुरणातल्या एकेका वनस्पतीचा माग काढला. अखेर ओलसर उंचवट्यांवर उगवणारी व्हेराट्रम नावाची वनस्पती सापडली. मेंढीने ती गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली, की एकडोळ्या कोकराचा धोका. आधी किंवा नंतर खाल्ली तर हा दोष होत नाही. उपाय काय निघाला? औषध नाही, मंत्र नाही. मेंढ्या त्या कुरणातून उतरेपर्यंत नर सोडायचा नाही. कॅलेंडर पाहून केलेला, बिनखर्चाचा उपाय.

या गोष्टीचे व्याज पुढे मिळाले ते वेगळेच. त्या वनस्पतीतल्या द्रव्याला एकडोळ्या राक्षसाच्या ग्रीक नावावरून 'सायक्लोपामिन' म्हणतात. गर्भाची घडण ज्या पेशीसंदेशांनी होते, त्यांतल्या एका महत्त्वाच्या संदेशाला ते अडविते, असे १९९८ पर्यंत स्पष्ट झाले. हाच संदेश त्वचेच्या एका कर्करोगात बेसुमार चालू राहतो. त्याला रोखणाऱ्या पहिल्या औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंढपाळांनी ती कोकरे मुकाट्याने पुरली असती तर हा धागा कोणाच्या हाती लागला असता?

तिसरे उदाहरण जपानचे. १९७२ ते १९७५ या काळात तिथे चाळीस हजारांच्या वर गर्भपात, मृत जन्म आणि सदोष वासरे यांची नोंद झाली. काहींचे पाय आखडलेले, काहींच्या कवटीत मेंदूच्या जागी पाणी भरलेले. नोंदी एकत्र ठेवल्यावर दिसले, की या घटना ठराविक प्रदेशांत आणि ठराविक ऋतूंत होत आहेत. कारण निघाले एक विषाणू. गुन्मा प्रांतातल्या आकाबाने गावात १९५९ मध्ये तो डासांत सापडला होता, म्हणून त्याचे नाव आकाबाने. तो चिलटांमार्फत पसरतो. गायीला फारसे काही होत नाही, ती चरत असते, दूध देत असते. पण पोटातल्या वासराच्या मेंदूचा नाश होतो. २०११ मध्ये जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावाच्या नावाने ओळखला गेलेला विषाणू याच जातकुळीतला, आणि त्यानेही युरोपात अशीच कोकरे व वासरे जन्मली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिलट चावते आज आणि वासरू जन्मते कित्येक महिन्यांनी. तेव्हा गाय आजारी नव्हती, आता चिलट नाही. तारखा लिहिलेल्या नसतील तर या दोन गोष्टींची गाठ पडणार कशी?

चौथे उदाहरण पुन्हा अमेरिकेतले, अँगस जातीच्या गुरांचे. २००९ मध्ये तिथे डोक्यात पाणी होणाऱ्या वासरांचा एक आनुवंशिक दोष निश्चित झाला. हा दोष सुप्त असतो. बाप धडधाकट, आई धडधाकट. दोघांकडून तो आला तरच वासरू बिघडते. एका नामांकित वळूच्या वंशात तो पसरला होता, आणि कृत्रिम रेतनामुळे एका वळूची संतती हजारोंनी असते. पण त्या गुरांच्या वंशावळी लिहिलेल्या होत्या. म्हणून मूळ सापडले, डीएनए चाचणी निघाली, आणि कोणती जनावरे वाहक आहेत हे जाहीर झाले. धनाढ्य पशुपालकांचे मोठे नुकसान झाले, तरी जाहीर झाले.

चार ठिकाणी चार कारणे: चाऱ्यातली उणीव, कुरणातले झाड, चिलटाने आणलेला विषाणू, रक्तातला दोष. पिल्लाच्या डोक्याकडे नुसते पाहून यांतले कोणते, हे पुष्कळदा सांगता येत नाही. डोक्यात पाणी होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. कारण कळते ते एका गोठ्यातून नव्हे, दहा गोठ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर. आमच्या गल्लीतल्या तिन्ही म्हशी एकाच रेड्याच्या असत्या तर एक दिशा मिळाली असती. आमच्याकडे एकच रेडा वर्षानुवर्षे आईलाही आणि तिच्या पाडीलाही दाखवितात. सुप्त दोष उघडा पडायला याहून सोपी वाट नाही. रेडे निराळे आणि चारा एक असता तर दुसरी दिशा. आज यांपैकी काहीच म्हणता येत नाही.

यावर आक्षेप येईल. वर्गातल्या एका मित्राने तो घेतलाच. तो म्हणाला, "तू कॉमर्सचा ना? मग सांग, म्हशीचा दोष गावभर केल्यावर तिची किंमत काय येणार? शेतकरी लपवितो तो अडाणी म्हणून नव्हे, शहाणा म्हणून." आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावण्याइतका मी भाबडा नाही. आमची म्हैस निम्म्या पैशांत गेली, तीही कारण झाकून. उघड केले असते तर कसायाशिवाय गिऱ्हाईक मिळाले नसते.

पण हा हिशेब पुरता करू या. आम्ही झाकले, म्हणून ज्याने म्हैस घेतली तो फसला. दोष तिच्यात असेल तर तो त्याच्या गोठ्यात गेला. दोष तिच्यात नसेल, चाऱ्यात किंवा चिलटात असेल, तर चांगली दुभती म्हैस आम्ही उगीच घालविली आणि खरे कारण आमच्याच गोठ्यात राहिले. दोन्ही बाजूंनी तोटाच. एका घराने लपविले तर त्याचे भागते. सगळ्यांनी लपविले तर सगळेच बुडतात. आणि किंमत पडते ती दोषाने कमी, त्याच्या भीतीने अधिक. कारण कळले की भीतीला माप येते. आयडाहोत कारण कळल्यावर कळप विकावे लागले नाहीत, नर सोडण्याची तारीख तेवढी बदलली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गावोगावच्या दूध संस्थेत फॅटच्या नोंदवहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. सदोष पिल्लू जन्मले की तीत पाच रकाने भरावेत: जन्माची तारीख, जनावर केव्हा आणि कोणापासून भरले, गाभणपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत चारा काय होता आणि कोठे चरले, त्या काळात कोणता आजार किंवा कोणते औषध झाले, आणि पिल्लाचे वर्णन. मालकाचे नाव लिहूच नये, जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो तो पुरे. कृत्रिम रेतन केले असेल तर त्या स्ट्रॉवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. आपण ती स्ट्रॉ उकिरड्यावर टाकतो, ती ठेवावी किंवा क्रमांक उतरून घ्यावा. फोनवर दोन छायाचित्रे काढावीत. आणि मेलेले पिल्लू रात्री पुरण्याऐवजी जनावरांच्या डॉक्टरांना कळवून तपासायला द्यावे. आपल्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावी जातात. रस्ता झाडण्याबरोबर ही वही सुरू करून देणे आपल्याला अवघड नाही. ती दोन्ही भाषांत असावी. कन्नड विभागातल्या मित्रांनी हे आपल्या पानांतही लिहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रत्येक नोंदीतून कारण निघेलच असे नाही. कित्येक दोष एकाकी घडतात आणि त्यांचे कारण हाती लागत नाही. पण एकाकी आहे हे कळायलासुद्धा शेजारची नोंद लागते.

आणखी एक सांगायचे राहिले. आज्जीने काकूला घालविले ते सावलीच्या भीतीने. सावलीने काही होत नाही. परंतु अकाली किंवा मेलेले पिल्लू, त्याची वार आणि पाणी यांतून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला लागू शकतात, आणि गर्भार बाईने त्यांना हात लावू नये हे खरेच आहे. त्या रात्री वार उचलली ती काकूनेच, उघड्या हातांनी. नेहमीचे काम म्हणून. तेव्हा तिला कोणी अडविले नाही. अडविले ते सकाळी, जेव्हा अडविण्यात काही अर्थ उरला नव्हता. खोटे भय असे खऱ्या काळजीची जागा अडवून बसते.

सुदैवाने काकूला काही झाले नाही. तिला मुलगी झाली, आता ती गोठ्यात रांगत जाते आणि काकू तिला ओढून आणते. या दिवाळीत मी ते कोरे पान भरले. तारीख, डॉक्टरांची फी, रेडकाचे वर्णन, म्हैस विकली ती रक्कम आणि विकण्याचे कारण. रेड्याचा रकाना कोरा राहिला, चाऱ्याचाही. आबांनी चष्मा लावून वाचले, वही मिटली आणि काही बोलले नाहीत. काकू दारात उभी होती. म्हणाली, "मला त्या दिवशी घालवून दिलं, ते लिहिलंस काय रे?"

मी लिहिले नव्हते. तिच्यासमोर बसून लिहिले.